याकूबसाठी छातीभर खड्डा

१९६४ च्या जूनमध्ये आमच्या प्लाटूनला लडाखचं पोस्टिंग आलं. आम्ही सॅपर. म्हणजे फौजेतले खणणारे, बांधणारे आणि वेळ पडली तर उडवणारे. छावणी पुण्याजवळ होती आणि त्या दिवशी उकाडा असा होता की परेडवर माणूस कमी, घाम जास्त उभा होता. सुभेदार मोहित्यांनी हुकूम वाचला.

"थंडी आहे तिथे. लोकरीचं सामान मिळेल. कोणाला काही विचारायचंय?"

मी हात वर केला. "साहेब, डास असतात का?"

"नसतात."

"मग मी तयार आहे."

त्या वाक्याबद्दल मला पाठीवर पिट्टू बांधून मैदानाला फेऱ्या मारायला लावलं. मी तरीही हसत धावलो. माझं नाव इस्माईल नाखवा. गाव बाणकोटच्या खाडीवर. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गलबतं हाकली, मासे मारले आणि थापा मारल्या. शेवटच्या धंद्यात मी वाडवडिलांना मागे टाकलं, हे माझे भाऊ, माझी बायको आणि माझे दोन कंपनी कमांडर शपथेवर सांगतील.

आता मी अबूधाबीत, मोहम्मद बिन झायद सिटीत, मुलाकडे असतो. मुलगा ऑफिसातून आला की एसी अठरावर आणतो. नात ब्लँकेटमध्ये शिरून ओरडते, "दादा, इट्स फ्रीझिंग!"

मी म्हणतो, "बेटा, हे फ्रीझिंग नाही. ही नुसती इलेक्ट्रिसिटीची नासाडी आहे. माझ्या पोस्टवर एकाच माणसाने आंघोळ केली होती. त्याला मार्च महिन्यात फोडून बाहेर काढला."

"देअर इज नो वे, दादा."

बरं, नाही तर नाही. आंघोळवाल्याला सोडून देऊ. पण ज्याच्याबद्दल लिहायला बसलोय, त्याच्यातलं एक अक्षर मी कमी करणार नाही. वाढवणारही नाही, आणि ते मला किती जड जाईल हे माझं मलाच माहीत.

आमची जागा एका पठारावर होती. उंची इतकी की विमानं आमच्या खालून जायची. (हे थोडं वाढवलं. एकदाच गेलं होतं, आणि ते दरीतून.) झाड नावाची गोष्ट नाही. शेवाळ, दगडाला चिकटलेली बुरशी, आणि उशीसारखी फुगलेली, बोटभर उंचीची झुडपं. वायरलेसवरून आमच्याशी बोलणारे मेजरसाहेब पंजाबी होते आणि शिकलेले होते. ते एकदा पाहणीला आले तेव्हा म्हणाले की पृथ्वीच्या उत्तर टोकाला टंड्रा म्हणून मुलूख आहे, तिथे शेकडो मैल जमीन अशीच असते. हा त्याचाच डोंगरावर येऊन राहिलेला भाऊ. मला ते लगेच पटलं. आमच्या मोहल्ल्यातही असे भाऊ आहेत. कुठेही राहायला गेले तरी स्वभाव तोच.

त्या जमिनीचा स्वभाव सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

ती खालून कायमची गोठलेली. उन्हाळ्यात वरचा थर तेवढा सुटतो. साधारण माणसाच्या कमरेच्या वरपर्यंत. त्या थरात पाणी होतं, पण त्याला खाली मुरायला वाट नसते, कारण खाली सगळा बर्फ आणि माती एकजीव झालेली. म्हणून जुलैत जिथे बघाल तिथे चिखल. आमचा ट्रक त्यात चाकांच्या आसापर्यंत बसला, आणि त्याला काढता काढता आमच्यातले तिघे बसले. मग ऑक्टोबर आला की तोच चिखल वरून गोठायला लागतो, फुगतो, आणि पोटात जे असेल ते वर ढकलतो. आम्ही मागच्या तुकडीने रोवलेले टेलिफोनचे खांब बघितले. दारू प्यायल्यासारखे. काही तर मुळासकट वर येऊन आडवे पडलेले. दगडसुद्धा ती जमीन वर आणते आणि गोल रिंगण करून मांडते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा नाईक पांडुरंग जाधव, कराडकडचा, कानाला हात लावून म्हणाला, "हितं कोण तरी र्‍हातंय."

"कोणी राहत नाही," याकूब म्हणाला. "जमीन ओकते."

याकूब परकार. सॅपर. आमच्याच खाडीच्या पलीकडल्या गावचा. वय तेवीस. माझा धंदा दर्याचा, त्याचा दगडाचा. त्याच्या घरची जांभ्याची खाण होती आणि त्याने लहानपणापासून चिरे काढले होते. माणूस बोलायला कमी. मी दिवसभर बोलायचो आणि तो रात्री झोपताना एकदाच म्हणायचा, "यातलं निम्मं उद्या परत सांग, आज ऐकलं नाही."

मला खणता येत नव्हतं. नाखव्याच्या पोराला खणायची गरज कुठे पडते? भरतीच्या रेषेच्या वर आमचं काही कामच नसतं. फौजेने मला सॅपर केलं, कारण भरती करणाऱ्या बाबूला खाडी आणि खाण यांतला फरक कळला नसावा. मला टिकाव धरायला याकूबने शिकवलं. तो पाठीमागे उभा राहायचा आणि पाय चुकला की माझ्या घोट्यावर लाथ घालायचा. दुसरं काही सांगायचा नाही. त्या उन्हाळ्यात माझे घोटे सुजले आणि हात तयार झाले.

ऑगस्टमध्ये आम्ही बंकर खणला. जमिनीचा सुटलेला थर उपसून खाली गोठलेल्या भागात गेलो, तेव्हा याकूबच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा आनंद बघितला. माती लोखंडासारखी वाजत होती. त्याने तिच्यावर रेघा मारल्या, चर पाडले, पहार घातली आणि चौकोनी ठोकळे सोडवून काढले. अगदी चिऱ्यासारखे. भिंती इतक्या सरळ उतरल्या की सुभेदारसाहेबांनी ओळंबा लावून बघितला आणि ओळंबाच वाकडा असेल म्हणाले.

"आतून फळ्या मारायच्या का?" पांडुरंगने विचारलं.

"कशाला? चांगली भिंत झाकायची?" याकूब म्हणाला.

मीही तेच म्हणालो. आमच्याकडे जांभ्यात विहीर खणली की आतून बांधून काढत नाहीत. जांभा खणताना मऊ असतो, वारा लागला की पक्का होतो. शंभर वर्षं उभा राहतो. कोकणातल्या कुठल्याही माणसाने हेच सांगितलं असतं आणि आम्ही दोघे कोकणातलेच होतो. सुभेदारसाहेबांनी मान डोलावली. लाकडाची टंचाई होती. ट्रकमागून ट्रक चढवून एकेक बल्ली यायची. छताला वापरली, भिंती मोकळ्या ठेवल्या.

ती जमीन जांभ्याच्या बरोबर उलटी होती. वारा लागून पक्की होणारी नव्हती. ऊब लागून सुटणारी होती.

ऑक्टोबरात बंकरमध्ये बुखारी, म्हणजे ऊब देणारी शेगडी, पेटली. रॉकेलची. आम्ही आत सहा जण. बाहेर वारा असा की थुंकी जमिनीवर पडायच्या आधी वाजायची. आत आम्ही बनियनवर. बुखारीमागची भिंत ओली दिसायला लागली. याकूब रोज तिच्यावर हात ठेवायचा. एके दिवशी पहाटे तो म्हणाला, "सुभेदारसाहेब, ही रडते आहे. ही आपल्याकडची जमीन नाही. सामान बाहेर काढा, बुखारी बंद करा."

सुभेदारसाहेबांनी ताबडतोब हुकूम दिला. हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो. आम्ही सामान काढत होतो. भिंतीत आत कुठेतरी निव्वळ बर्फाचा थर होता, तो सुटला. आधी भिंत सरकली, मग तिच्यावरची बल्ली. पांडुरंग आणि मी आत होतो, आणि याकूब दाराशी. त्याला बाहेर पडायला एक पाऊल होतं. तो आत आला. बल्लीखाली खांदा दिला.

"चला."

एवढंच म्हणाला. पांडुरंगने मला ढकललं, मी पडलो, सरपटत निघालो. पांडुरंग माझ्या पायावरून निघाला. मग छत खाली आलं.

आम्ही माती उपसून त्याच्यापर्यंत पोचलो तेव्हा ऊन आलं होतं. तो गेला होता, खांदा बल्लीखालीच होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे आमची प्लाटून खाली उतरायची होती. खिंड बंद व्हायला आली होती आणि ट्रक आधीच खाली गेले होते. पायी जायचं. दोन जण छातीत पाणी भरून आजारी, त्यांना स्ट्रेचरवर न्यायचं. राहिलेल्या प्रत्येकाच्या पाठीवर ओझं. तिसरं स्ट्रेचर उचलायला माणूस नव्हता. हे कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती.

सुभेदारसाहेबांनी वायरलेस लावला. आम्ही भोवती उभे.

"एक बॉडी है, साहेब. दफनाने की इजाजत. ओव्हर."

खरखर. मग मेजरसाहेब. "निगेटिव्ह. पत्थर के नीचे रखो. गर्मी में देखेंगे. ओव्हर."

कायदा तोच होता, आणि त्याला कारण होतं. उथळ पुरलेलं काहीही ती जमीन ठेवून घेत नव्हती. खांब ओकले, दगड ओकले, माणूस तर हलका. वर आलेल्या माणसाचं कोल्हे काय करतात हे मेजरसाहेबांनी दुसऱ्या पोस्टवर बघितलं होतं. तेव्हा दगड रचायचे, आणि जून उजाडेपर्यंत वाट बघायची.

 पांडुरंगने सुभेदारसाहेबांच्या हातातून माउथपीस घेतला. नाईक माणूस, मेजरशी वायरलेसवर. कोर्ट मार्शल त्याच्या तोंडासमोर लोंबकळत होतं.

"साहेब, नाईक जाधव. आमी सॅपर हाय. ओव्हर."

"मालूम है. ओव्हर."

"इन्फन्ट्रीला खड्डा आमी खनतो. गनरला खड्डा आमी खनतो. तुमच्या संडासचा खड्डा आमीच खनला. आमच्याच मान्साला खड्डा न्हाई, असं माज्या गावात जाऊन मी सांगनार न्हाई. ओव्हर."

मेजरसाहेबांना मराठी येत नव्हतं. पण 'संडास' आणि 'खड्डा' कळले असणार, आणि आवाज तर नक्कीच. 

"कितना गहरा जा सकते हो? ओव्हर."

सुभेदारसाहेबांनी माउथपीस परत घेतला. "जहाँ तक गर्मी पहुँचती है, उसके नीचे, साहेब. ओव्हर."

"सूरज डूबने तक. ब्लास्टिंग नहीं, सामनेवाले सुनेंगे. उसके नीचे नहीं पहुँचे, तो पत्थर. दॅट्स ॲन ऑर्डर. आऊट."

बारूद नाही. सूर्य मावळेपर्यंत. आणि ऑक्टोबरातला तिथला सूर्य कामचुकार असतो. उशिरा येतो, लवकर जातो.

पहिली चूक मी सुचवली नाही, पण उत्साहाने केली: जाळ करून जमीन सोडवायची. रॉकेल ओतलं, पेटवलं. वीतभर चिखल झाला. तो उपसेपर्यंत पुन्हा गोठला, आणि या वेळी आमचं एक फावडं आत घेऊन गोठला. ते फावडं अजून तिथे आहे. सरकारने हवं तर माझ्या पेन्शनीतून कापावं.

पांडुरंगने माझ्याकडे बघितलं. "तुला त्यानं शिकवलंय न्हवं? मग जाळ कशाला? काप."

मी रेघा मारल्या. टिकाव घेतला. वरचा थरसुद्धा एव्हाना दगड झाला होता. टिकाव आपटला की हात कोपरापर्यंत बधिर. पहिला ठोकळा निघत नाही, कारण त्याला सगळीकडून शेजारी असतात. तो फोडावा लागतो, तुकडे करून वाया घालवावा लागतो. त्याची जागा रिकामी झाली की दुसरा त्या बाजूला सरकतो, मग तिसरा. पहिला फोडायलाच आमची उरलेली सकाळ गेली. मी चर पाडायचो, पांडुरंग पहार घालायचा, बाकीचे ठोकळा उचलून बाहेर. कोणी आडनाव, जात, हुद्दा बघत नव्हतं. दम लागत होता. त्या उंचीवर दहा घाव घातले की माणूस म्हातारा होतो, बसला की पुन्हा तरुण. त्या दिवशी मी चाळीसेक वेळा म्हातारा झालो.

दुपारनंतर कमरेपर्यंत आलो. माती तपकिरी. म्हणजे अजून उन्हाळ्याच्या हद्दीत.

सुभेदारसाहेब काठावर येऊन बघायचे आणि पश्चिमेला बघायचे. एकदा म्हणाले, "नाखवा, आज बडबड बंद आहे तुझी."

"साहेब, तोंड उघडलं तर जीभ गोठेल आणि तुम्हाला फार सुख होईल."

"खण."

खणलं. छातीपर्यंत आलो तेव्हा रंग बदलला. तपकिरी संपून राखाडी, आणि तिच्यात बर्फाच्या बारीक रेघा, अभ्रकासारख्या चमकणाऱ्या. हा थर कधीच सुटलेला नव्हता. मी हातमोजा काढून त्यावर हात ठेवला. कातडी चिकटून आली, पण खात्री झाली. त्याच्याही खाली हातभर गेलो. मग किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या, बाजूच्या भिंतीत आडवा कोनाडा कापला, आमच्यात मय्यत त्यात ठेवतात. दिशा सुभेदारसाहेबांनी कंपास लावून काढून दिली.

पांडुरंग कोनाड्याकडे बघत राहिला. "इस्माईल. ही भित बी पडली तर?"

"इथे बुखारी कोण लावणार आहे?"

 पांडुरंग नाकावर हात फिरवून वर चढला.

कफन पॅराशूटचं. विमानातून सामान टाकायचे त्याचं पांढरं कापड. स्टोअरच्या हिशेबात ते हवेत हरवलं असं लिहिलं. खरंच हवेत हरवलेली चार पॅराशूटं होती, एकाने काय बिघडतं. पाणी बर्फ वितळवून केलं. नमाज पढवायला आमच्यात मौलवी नव्हता. मुसलमान आम्ही तिघे, त्यातले दोघे स्ट्रेचरवर. मी पुढे उभा राहिलो. मागे वळून बघतो तर पूर्ण प्लाटून रांगेत. सुभेदारसाहेब टोपी घालून, सावधानमध्ये.

पांडुरंग दात वाजवत कुजबुजला, "वाकायचं कवा?"

"या नमाजात वाकायचं नसतं."

"बरं झालं. गुडघं बसल्यालं उठणार न्हाईत."

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा शेवटचा ठोकळा वर बसवला. आम्ही काढलेल्याच ठोकळ्यांनी कबर भरली, जसे काढले तसे उलट क्रमाने. वायरलेसवर सुभेदारसाहेब बोलले. "काम पूरा. ओव्हर."

"नीचे पहुँचे? ओव्हर."

"पहुँचे, साहेब. ओव्हर."

"शाबाश. आऊट."

त्या उतरणीत माझ्या डाव्या पायाची दोन बोटं थंडीने गेली. सरकारजमा झाली. हॉस्पिटलमधून सुटल्यावर मी सगळ्यात आधी याकूबच्या आईकडे गेलो. तिला मी खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. तार तिला मिळाली होती. अपघात, एवढंच त्यात. पण त्याआधी दुसऱ्या पलटणीतला एक सुट्टीवर आलेला इसम तिला सांगून गेला होता की वर मेलेल्याला दगडाखाली ठेवतात, कारण तिथली जमीन माणूस घेत नाही, परत फेकते.

तिने मला एकच विचारलं. "जमिनीने घेतला का त्याला?"

"घेतला, खाला. छातीच्या खाली. मी स्वतः कापला खड्डा."

"तू कापलास? नाखव्याचा पोर तू. तुला टिकावाचं टोक कुठलं ते माहीत नाही." तिचा आवाज चढला नाही. "तू मला सांगितलं होतंस की तुझ्या बापाच्या होडीत मासा स्वतः उडी मारून आला आणि त्याने सुकाणू धरलं. माझा याकूब हसला होता त्याला. मी पण हसले होते. पण हे नको रे सांगूस मला असं."

ती मला खोटारडा म्हणाली नाही. दयाळू समजली. त्याहून वाईट काही नसतं. गावात त्याची नमाज अजून झालेली नव्हती. जमातवाले म्हणत होते, आम्ही शाफई पंथाचे, आमच्यात गैरहजर मय्यतीची नमाज होते, करून टाकू. तिने होऊ दिली नाही. दगडाखाली ठेवलेल्या माणसाची नमाज कसली? आधी जमीन घेऊ दे, मग.

बोटं नसल्यामुळे फौजेने मला सोडलं, आणि १९६९ मध्ये मी रास अल खैमाला आलो. तेव्हा यूएई नावाचा देश व्हायचा होता. लाँचने यायचं, किनाऱ्याच्या अलीकडे पाण्यात उडी मारायची आणि इन्शाल्ला म्हणायचं. आमच्या खोलीत रत्नागिरी आणि रायगडकडचे आम्ही दहा-बारा. वीज नाही. उकाडा असा की सावलीला पण चटका बसायचा. अशा ठिकाणी गोठलेल्या जमिनीच्या गोष्टी सांगायला मजा यायची. कांदा करवतीने कापायचा, डोळ्यांतलं पाणी मणी होऊन ताटात पडायचं, वगैरे. खोलीतला हमीद पंखा हलवत म्हणायचा, "सांग, सांग. तू सांगतोस तेवढा वेळ तरी गार वाटतं. खरं कोणाला हवंय?"

एका जुम्याला, म्हणजे शुक्रवारी, हमीदने एक पाहुणा आणला. धिप्पाड, हाताचे पंजे फावड्यासारखे. डोंगराकडे दगड काढायच्या कामावर होता. मी रंगात आलो होतो. तो शेवटपर्यंत ऐकत बसला. मग म्हणाला, "मी सुलेमान परकार. याकूबचा मोठा भाऊ. तो गेला तेव्हा मी बोटीवर होतो."

खोलीतला हमीदचा पंखासुद्धा थांबला.

"सुलेमानभाई," मी म्हणालो.

"आई म्हणते तू माझ्या भावाची पण गोष्ट सांगतोस. खड्ड्याची."

"ती गोष्ट नाही."

"आत्ता कांद्याची सांगत होतास त्याच तोंडाने सांगतोस ना?"

"तोंड एकच आहे, भाई. दुसरं असतं तर तुमच्यासाठी वेगळं ठेवलं असतं."

हमीद मध्ये पडला. "सुलेमानभाई, जाऊ द्या. हा असाच आहे. दिल का साफ आहे, पण..."

"पण बिण नाही!" मी उठलो. "कांदा खोटा. मासा खोटा. बापाची होडीसुद्धा काकाची होती. तो खड्डा मी कापला. तुम्ही सगळे मिळून नाही म्हणा. जमीन तिथे आहे, ती नाही म्हणणार नाही."

सुलेमानभाईने माझ्याकडे बघितलं. "चल, यल्ला."

"कुठे?"

"दाखव."

टळटळीत दुपार. खोलीमागे खणायचं काम चालू होतं, तिथली जमीन मिठाने आणि चुनखडीने आवळून दगड झालेली. सुलेमानभाईने कोपऱ्यातला टिकाव उचलला आणि माझ्या हातात दिला. बाकीचे दाराच्या सावलीत उभे. कोणीतरी हसलं.

"एक ठोकळा काढ," तो म्हणाला. "चौकोनी. खाणीतला माणूस काढतो तसा. नाखव्याने काढलेला मला कळेल."

मी रेघ मारली. पाय ठेवले. घाव घातला. घामाने डोळे भरले, दोन बोटं नसलेला पाय सरकत होता, आणि ती जमीन म्हणजे त्या जमिनीची सख्खी बहीण. चर पाडला. दुसऱ्या बाजूचा पाडला. सगळ्यांनी हसणं थांबवलं. पण सुलेमानभाई जमिनीकडे बघतच नव्हता. तो माझ्या पायांकडे बघत होता.

"थांब."

"अजून निघाला नाही."

"थांब म्हणतो ना. तू उजव्या हाताचा?"

"हो."

"मग उजवा पाय पुढे का? डाव्या कोपऱ्यातून का सुरू केलंस? दांड्यावर डावा हात पुढे का?"

मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. मला एवढंच माहीत की दुसरीकडे पाय ठेवला तर घोट्यावर लाथ बसायची. मी तेच सांगितलं.

सुलेमानभाई खाली उकिडवा बसला. पाडलेल्या चरात त्याने बोटं घातली आणि कड चाचपली.

"आमच्या खाणीत डावखुरा एकच होता," तो म्हणाला. "बापाने त्याला सरळ करायला किती मारलं. ऐकलं नाही. ज्याला शिकवलं त्याला पण उलटंच शिकवलं."

 मग त्याने विचारलं, "किती खाली?"

"छातीभर. त्याच्या खाली हातभर. तिथे उन्हाळा पोचत नाही."

"म्हणजे तो..."

"आहे तसाच आहे, भाई."

"दाढी?"

"थोडी वाढली होती. पाणी नसायचं."

"आईला दाढी आवडायची नाही त्याची." तो उठला. हात झटकले. "नमाज आत्ता."

हमीद मशिदीतल्या मौलवीला घेऊन आला. ते उत्तरेकडचे होते, भले गृहस्थ. त्यांनी ऐकून मान हलवली. "हमारे यहाँ ग़ायब मय्यत की नमाज नहीं होती. और इतने साल बाद?"

"आमच्यात होते," सुलेमानभाई म्हणाला. "तुम्ही नका उभे राहू, मौलवीसाहेब. हा पढवेल. पहिली पण यानेच पढवली."

"धूप उतरने दो कम से कम. मस्जिद में चलो, चटाई है."

"माझा भाऊ बर्फात आहे. मी वाळूत उभा राहतो."

त्याने चपला काढल्या. ती वाळू कशी तापलेली होती हे मी सांगत नाही. मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल वाढवलं. आम्ही सगळ्यांनी चपला काढल्या. मी पुढे उभा राहिलो. चार तकबीर, चार वेळा अल्लाहू अकबर. कोणी पाय हलवला नाही. शेवटी मान वळवून दोन्हीकडे सलाम फिरवताना मला दिसलं, मौलवीसाहेब शेवटच्या रांगेत उभे होते. अनवाणी.

सुलेमानभाई पुढच्या लाँचने गावी गेला. आईला सांगितलं, आणि त्या जुम्याला गावात नमाज झाली. खाला त्यानंतर बरीच वर्षं जगली. मी सुट्टीवर गेलो की मला जेवायला घालायची आणि म्हणायची, आता मासेवाली सांग.

पांडुरंग जाधव गेला. सुभेदार मोहिते गेले. सुलेमानभाई रास अल खैमाच्या मातीत आहे. मी त्र्याऐंशीचा आहे आणि माझे गुडघे शंभराचे. सॅपर याकूब परकार तेवीसचा आहे. होता म्हणायचं नाही. ती जमीन आत घेतलेल्याला म्हातारं होऊ देत नाही, आणि आम्ही त्याला इतका आत दिलाय की तिचा बाप आला तरी त्याला बाहेर ओकू शकत नाही. ज्याला हे पटत नसेल त्याने तिथे जाऊन बघावं.

टिकाव मी देतो.